रंग कुणाचे, दुखणं कुणाचं

पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करणारी माणसं एक गोष्ट चारचौघांत सहसा बोलत नाहीत. ती म्हणजे, काही रोग मायक्रोस्कोपखाली अतिशय सुंदर दिसतात. बोलायला संकोच वाटतो, कारण समोरच्याच्या घरात त्याच रोगाने कुणी गेलेलं असू शकतं. पण गोष्ट खरी आहे. आणि माझ्यासारखी एखादी, जी आठवडाभर स्लाइड रंगवते आणि शनिवार-रविवारी कॅनव्हास, तिला या प्रश्नापासून फार काळ पळता येत नाही. म्हणून यंदा स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा पाककृती किंवा प्रवासवर्णन न देता याच विषयावर लिहायचं ठरवलं. संपादक मंडळी सांभाळून घेतील अशी आशा आहे.

आधी स्लाइड कशी बनते ते सांगते, कारण पुढचं बरंचसं त्यावर उभं आहे. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मग त्यातलं पाणी अल्कोहोलने काढून तो मेणात बसवतात. मेणाच्या त्या ठोकळ्याचे मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कांद्याचा पापुद्रासुद्धा यापुढे जाडजूड म्हणायचा. हे काप कोमट पाण्यावर तरंगत सोडायचे आणि काचेच्या पट्टीवर अलगद उचलून घ्यायचे. इथवर आलेला काप जवळजवळ रंगहीन असतो. काचेवर काही आहे की नाही, तेही नीट कळत नाही. मग त्याला दोन रंग देतात. पहिला हिमॅटॉक्सिलिन, जो मध्य अमेरिकेतल्या लॉगवुड नावाच्या झाडाच्या लाकडातून मिळतो. तो धरावा म्हणून त्यात तुरटीसारखे क्षार घालतात, आपल्याकडे कापड रंगवणारे घालत तसेच. त्याने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात. दुसरा इओसिन, तो उरलेलं सगळं गुलाबी करतो. शंभर वर्षांहून अधिक काळ जगभरातल्या लॅबमध्ये हीच जोडी चालत आली आहे.

म्हणजे स्लाइडवर जी जांभळी-गुलाबी पैठणी दिसते, ती त्या माणसाच्या पोटात नव्हती. रंग आम्ही दिला. हे लक्षात असू द्या.

पॅथॉलॉजीची भाषाही गंमतीची आहे. रोगांची वर्णनं बघाल तर निम्मी स्वयंपाकघरातली. हृदयविकाराने रक्त साचलेलं यकृत कापलं की ते फोडलेल्या जायफळासारखं दिसतं, म्हणून 'जायफळी' यकृत. पित्ताशय स्ट्रॉबेरीसारखं. अंडाशयातली एक गाठ चॉकलेटची. ज्याने ही नावं ठेवली तो जेवणाच्या सुट्टीची वाट बघत असावा, असं मला नेहमी वाटतं. पण एक नाव वेगळं आहे. बर्किट लिम्फोमा या कॅन्सरची स्लाइड पाहिली की गडद निळ्या पेशींचा दाट पडदा दिसतो आणि त्यात मधेमधे फिकट, मोकळे ठिपके. या दृश्याला पुस्तकात 'तारांकित आकाश' म्हणतात. निळ्या पेशी कॅन्सरच्या. त्या इतक्या वेगाने वाढतात की गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते, आणि तितक्याच वेगाने त्यातल्या काही मरतातही. मेलेल्या पेशी गिळून साफसफाई करणाऱ्या मोठ्या पेशी म्हणजे ते फिकट ठिपके, ते तारे. हा रोग विशेषतः लहान मुलांना होतो.

शिकवण्याच्या स्लाइडच्या प्रत्येक संचात हे 'आकाश' असतंच. मी त्यावरून एक मोठं चित्र केलं, अॅक्रिलिकमध्ये, आणि आपल्या मंदिराच्या हॉलमध्ये गणपतीच्या दिवसांत हौशी कलाकारांचं प्रदर्शन भरतं त्यात लावलं. खाली लहान अक्षरात ते कशावरून केलं आहे तेही लिहिलं होतं, पण अशा चिठ्ठ्या कुणी वाचत नाही. बहुतेकांना ते खरंच रात्रीचं आकाश वाटलं. एक आजी, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, चष्मा वर-खाली करून चिठ्ठी वाचत उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "अगं, हे कुणाच्या तरी लेकराचं दुखणं ना?" मी म्हटलं, "हो आजी, पण नाव कुणालाच माहीत नसतं. नाव काढूनच टाकतात." त्यावर त्या म्हणाल्या, "नाव राहू दे. पोरगं वाचलं का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. स्लाइडबरोबर ते येत नाही.

आजींनी दोन वाक्यांत जे विचारलं त्यात मला दोन निरनिराळे प्रश्न दिसतात. विज्ञानाने दाखवलेल्या दृश्यावरून चित्र काढताना चित्रकाराने सत्याशी किती बांधील राहायचं, हा एक. आणि ते दृश्य कुणाचं तरी शरीर असेल तर ते घेण्याचा आपल्याला अधिकार काय, हा दुसरा. लोक बहुधा पहिल्यावर वाद घालतात. माझ्या मते अवघड आहे तो दुसरा. तरी पहिल्याचा निकाल आधी लावू.

हबल दुर्बिणीने १९९५ साली घेतलेलं गरुड तेजोमेघाचं चित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी पोस्टरच्या किंवा कॅलेंडरच्या रूपात येऊन गेलं असेल. वायू आणि धुळीचे तीन उंच खांब, आत नवे तारे जन्मताहेत. 'सृष्टीचे स्तंभ' हे त्याचं प्रसिद्ध नाव. सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षं दूर आहे ते. यातला सोनेरी-हिरवा-निळा रंग मात्र तिथे जाऊन उभं राहिलं तरी डोळ्यांना दिसणार नाही. दुर्बिणीने गंधक, हायड्रोजन आणि प्राणवायू यांचा प्रकाश वेगवेगळ्या गाळण्यांतून टिपला, आणि शास्त्रज्ञांनी गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि प्राणवायूला निळा रंग नेमून दिला. खरं तर गंधक आणि हायड्रोजन या दोघांचाही तो प्रकाश लालच असतो. दोन्ही लालच ठेवले असते तर एकमेकांत मिसळून गेले असते आणि कुठे काय आहे ते कळलं नसतं. म्हणजे रंग खोटा दिला तो वेगळेपण खरं दिसावं म्हणून. एलिझाबेथ केसलर या कला-इतिहासकार बाईंनी २०१२ च्या पुस्तकात आणखी एक गोष्ट दाखवली आहे. हबलच्या या चित्रांची ठेवण, खालून वर उठणारे आकार, प्रकाशाची दिशा, हे सगळं थॉमस मोरानसारख्या चित्रकारांनी १९ व्या शतकात काढलेल्या अमेरिकन पश्चिमेच्या निसर्गचित्रांशी जुळतं. यलोस्टोन पाहून आलेल्यांनी मोरानचं १८७२ चं यलोस्टोनच्या दरीचं चित्र जरूर बघावं. तात्पर्य, चित्रकाराने शास्त्राकडून घेण्याआधी शास्त्रज्ञाने चित्रकाराकडून घेतलेलं होतं.

२०२२ च्या जुलैपासून जेम्स वेब दुर्बिणीची चित्रं आली, ती तर अवरक्त प्रकाशातली. त्यातला प्रत्येक रंग हा भाषांतर आहे. आणि विषाणूंचं काय सांगावं? करोनाचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटरचा, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहर ४०० ते ७०० नॅनोमीटरची. प्रकाशाच्या लहरीपेक्षा एवढी लहान वस्तू साध्या प्रकाशात नीट दिसतच नाही. तरी २०२० मध्ये करड्या चेंडूवर लाल काटे, हे चित्र जगातल्या लहान मुलालाही पाठ झालं. त्याच वर्षी अमेरिकेतले डेव्हिड गुडसेल, जे संशोधक आहेत आणि जलरंगात पेशींची चित्रं काढतात, त्यांनीही तोच विषाणू काढला, फुलासारख्या गुलाबी-जांभळ्या रंगांत. दोघांपैकी खरा रंग कुणाचा, हा प्रश्नच चुकीचा आहे.

आपल्या कार्यक्रमांत या टप्प्यावर कुणीतरी हमखास गीतेचा अकरावा अध्याय काढतं आणि अर्जुनाला मिळालेली दिव्यदृष्टी म्हणजे टेलिस्कोपच, असं सांगून टाळ्या घेतं. मला ते कधी पटलं नाही. गीतेला टेलिस्कोपची गरज नाही आणि टेलिस्कोपला गीतेची. मला त्या अध्यायात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. अर्जुन स्वतः होऊन विश्वरूप बघायला मागतो, बघतो, आणि घाबरून म्हणतो की तुझं ते ओळखीचं रूप परत दाखव. श्रीकृष्ण दाखवतात. आता हे ओळखीचं रूप खोटं का? कुणीही तसं म्हणत नाही. माणसाच्या डोळ्यांना पेलेल अशा रूपात आणणं म्हणजे फसवणूक नव्हे. घरी शाडूचा गणपती बसवणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग फसवणूक कधी होते? एर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाचं उदाहरण मला नेहमी आठवतं. हेकेलचा हात विलक्षण होता. समुद्रातले सूक्ष्म जीव, जेलीफिश यांची त्याची चित्रं १८९९ ते १९०४ या काळात प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून वास्तुकारांपासून दागिने घडवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी त्यातून घेतलं. त्याची पहिली पत्नी अॅना तरुणपणीच वारली. तिच्या केसांची आठवण करून देणाऱ्या जेलीफिशला त्याने तिचं नाव दिलं. त्या चित्रात त्याने रेषा थोडी लडिवाळ केली असेल तर कोण तक्रार करेल? पण याच हेकेलने १८६८ च्या पुस्तकात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे गर्भ सुरुवातीला किती सारखे असतात हे दाखवण्यासाठी तीन चित्रं छापली, आणि ती तिन्ही एकाच ठशाची निघाली. एकच चित्र तीनदा. तेव्हाच्या शास्त्रज्ञांनी ते पकडलं आणि तो वाद शतकभराहून अधिक काळ चालू राहिला. हात तोच, कौशल्य तेच. एका ठिकाणी तो म्हणत होता 'बघा किती सुंदर', दुसऱ्या ठिकाणी 'बघा, हा पुरावा'. पुरावा म्हणून दाखवलेल्या चित्रात एक रेषही आपल्या सोयीने वळवता येत नाही. बाकी चित्रकाराला मोकळीक आहे, फक्त आपण कुठल्या खोलीत उभे आहोत ते त्याने लपवू नये.

नुसतं प्रामाणिक राहूनही चूक होऊ शकते, हेही खरं. कामिल्लो गोल्जीने १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने मज्जापेशी काळ्या रंगवण्याची रीत शोधली. सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने तीच रीत वापरली. गोल्जीला मेंदूत एक अखंड जाळं दिसलं. काहालला सुट्या सुट्या पेशी दिसल्या. काहालला लहानपणी चित्रकार व्हायचं होतं, आणि त्याची चित्रं म्हणजे एका स्लाइडची नक्कल नसे. अनेक स्लाइड पाहून मनात साठलेलं तो एका चित्रात उतरवी. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, आणि गोल्जीने त्या समारंभातल्या भाषणातसुद्धा काहालच्या सिद्धांताला विरोध केला. बरोबर निघाला तो काहाल. कॅमेऱ्यासारखी हुबेहूब नक्कल म्हणजे सत्य, असं मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

तर पहिल्या प्रश्नाबाबत माझं मन स्वच्छ आहे. आता दुसरा.

आकाशातल्या खांबांची परवानगी कुणाला मागायची? कुणालाच नाही. ते कुणाचे आईबाप नाहीत. आपल्या मुलांनी वेबच्या चित्रावरून रांगोळी काढली, मखर केलं, तर मला आनंदच होतो. शरीराचं तसं नाही. इथे इतिहास फारसा चांगला नाही, आणि त्यात नावांचा हिशेब बघण्यासारखा आहे.

हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात रेम्ब्रांटचं १६३२ चं प्रसिद्ध चित्र आहे, डॉक्टर तुल्प शवविच्छेदन करून दाखवताहेत ते. भोवती दाटीने उभे असलेले सर्जन चित्रात आपण यावं म्हणून पैसे देऊन उभे आहेत. त्यांतल्या एकाच्या हातातल्या कागदावर हजर असलेल्यांची नावंही आहेत. मधे जो पडला आहे त्याचं नाव कागदावर नाही. तो आरिस किंट, चोरीसाठी फाशी गेलेला. त्याचं नाव आपल्याला कळलं ते कोर्टाच्या दप्तरातून.

दुसरं उदाहरण आपल्या गावचं. पुण्याजवळच्या दापोडीला इंग्रजांनी बोटॅनिकल गार्डन केलं होतं. तिथले प्रमुख अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० च्या सुमारास तिथल्या झाडाझुडपांची सुरेख चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत आणि २००२ साली त्यांच्यावर ग्रंथही निघाला. गिब्सनचं नाव आहे. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, म्हणजे बहुधा गोव्याकडचा, इतकंच लिहून ठेवलं आहे. फुलांची लॅटिन नावं नीट नोंदली, काढणाऱ्याचं नाव नोंदायचं कुणाला सुचलं नाही.

आणि माझ्या 'तारांकित आकाशा'चं? या रोगाला नाव मिळालं डेनिस बर्किट या आयरिश सर्जनचं, ज्यांनी १९५८ मध्ये युगांडातल्या मुलांच्या जबड्यांत होणाऱ्या गाठींचं वर्णन केलं. त्या गाठींचे नमुने विमानाने लंडनला पाठवले गेले आणि १९६४ मध्ये त्यांत एक नवा विषाणू सापडला. निबंधावर तीन नावं होती: एपस्टाइन, अचोंग आणि बार. विषाणूला नाव पडलं एपस्टाइन-बार. मूळचे त्रिनिदादचे असलेले बर्ट अचोंग, जे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं काम बघत, म्हणजे ते दृश्य दाखवण्यात ज्यांचा हात होता, तेच नावातून गळले. आणि ज्यांच्या जबड्यातून ते तुकडे काढले ती पोरं तर यादीत यायचीच नव्हती.

इथे कुणी म्हणेल, आज तसं राहिलं नाही. कायदे आहेत. अमेरिकेत १९९६ चा हिपा कायदा आहे. रुग्णाची माहिती बाहेर द्यायची तर नाव, पत्ता, तारखा अशा १८ प्रकारच्या खुणा पुसाव्या लागतात. मी रोज त्याच नियमांत काम करते आणि ते नियम चांगले आहेत. पण नाव पुसलं की प्रश्न सुटला, हे मला आजींच्या प्रश्नानंतर पटेनासं झालं.

आपल्या साहित्यशास्त्रात एक कल्पना आहे, साधारणीकरण. भरताने आठ रस सांगितले त्यांत भयानक आणि बीभत्सही आहेत, म्हणजे भीती आणि किळस यांचाही आस्वाद घेता येतो हे मान्य आहे. पण दुःख बघून सुख कसं मिळतं? भट्टनायकाने आणि पुढे अभिनवगुप्ताने यावर विचार केला. रंगमंचावरचं दुःख ना त्या नटाचं राहतं, ना माझ्या शेजाऱ्याचं. ते कुणा एकाचं न राहता सगळ्यांचं होतं, म्हणून आपण ते चाखू शकतो. 'नटसम्राट' बघताना आपण अप्पा बेलवलकरांसाठी रडतो आणि बाहेर येऊन नाटक छान झालं म्हणतो, यात कुणाला अपराधी वाटत नाही. अप्पा बेलवलकर नावाचा म्हातारा कुठेही थंडीत कुडकुडत पडलेला नाही.

माझ्या चित्रातलं मूल मात्र होतं. त्याला गाठ होती. इथे नाव पुसणं आणि साधारणीकरण यांत मला मोठा फरक दिसतो. साधारणीकरणात दुःख सगळ्यांचं होतं. आजींनी नाव न विचारता 'पोरगं वाचलं का' विचारलं, ते याच जातीचं. नाव पुसल्याने तेच दुःख कुणाचंच राहत नाही. आणि जे कुणाचंच नाही ते हवं तसं वापरायला मोकळं, असं आपण फार सहज धरून चालतो. निळं चांगलं आहे, सोफ्याला जुळतं, घ्या.

हेन्रिएटा लॅक्सची गोष्ट अनेकांना माहीत असेल. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये १९५१ साली या पाच मुलांच्या, ३१ वर्षांच्या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. ती त्याच वर्षी गेली. पेशी आजही प्रयोगशाळांमध्ये वाढताहेत. पोलिओच्या लशीच्या चाचणीपासून असंख्य कामांत त्या वापरल्या गेल्या. नाव-आडनावाची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून त्यांना 'हेला' म्हणतात. घरच्यांना ही बातमी कळली ती थेट १९७० च्या दशकात. २०२३ साली तिच्या वारसांची एका मोठ्या कंपनीशी तडजोड झाली. या हेला पेशींची चमकत्या हिरव्या-निळ्या-लाल रंगांतली चित्रं मी कितीतरी भिंतींवर, कॅलेंडरवर पाहिली आहेत. दिसतात मोहक. आणि २०१७ मध्ये कादिर नेल्सन या चित्रकाराने याच विषयावर चित्र केलं, त्यात पेशी मोठ्या करून दाखवल्या नाहीत. त्याने बाई काढली. हातात बायबल, डोक्यावरची हॅट प्रभावळीसारखी, मागच्या भिंतीच्या कागदावर वर्तुळांची नक्षी, जी कधी न मरणाऱ्या पेशींची खूण आहे. आणि तिच्या झग्याची दोन बटणं गायब. तिच्या शरीरातून जे नेलं ते एवढ्यात सांगितलं. माझ्या मते हे विज्ञानातून निघालेलं अलीकडच्या काळातलं सर्वांत नीतिमान चित्र आहे, आणि हे मी थोड्या हेव्याने लिहिते आहे.

याचा अर्थ पेशींची चित्रं काढूच नयेत असा मी काढत नाही. तसं धरलं तर रेम्ब्रांट गेला, १५४३ चा व्हेसालियसचा शरीररचनेचा ग्रंथ गेला, जो फाशी दिलेल्यांची शवं फाडून लिहिला होता, आणि काहालही गेला. शिवाय सौंदर्य वाईट, अशी भूमिका घेतली की रोगाकडे बघायचंच बंद होतं. ज्याला बघवतं तोच नीट बघतो. स्लाइड सुंदर वाटते म्हणूनच मी संध्याकाळी साडेपाचलाही कंटाळा न करता ती पुन्हा एकदा तपासते, आणि त्यात कुणाचं तरी भलंच असतं. उलट बाजूने, परवानगी मिळाली की सगळं ठीक, हेही अर्धवटच. आमच्या ओळखीच्या एका मुलीने आईच्या मेंदूच्या एमआरआयवरून चित्रमालिका केली. आईची परवानगी होती, हौसही होती. पण पाहुण्यांसमोर त्या चित्राखाली बसून चहा घेताना त्या माउलीला दर वेळी आपला आजार डोक्यावर लटकलेला वाटे. मुलीने ती चित्रं आपल्या खोलीत नेली. परवानगीचा कागद असता तर त्यात हे कुठे लिहिलं असतं?

म्हणून मी नियमांपेक्षा जागेचा विचार जास्त करते. माझं चित्र विकत घ्यायला एक गृहस्थ तयार होते, सज्जन माणूस, स्वतः डॉक्टर. त्यांना ते मुलांच्या दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये लावायचं होतं. मुलांना आकाश आवडतं, म्हणाले. मी नाही म्हटलं. तिथे एखादी आई बसलेली असेल, तिला ते काय आहे हे कळलं तरी वाईट आणि आयुष्यभर न कळलं तरी मला ते लपवल्यासारखं वाटेल. तेच चित्र विद्यार्थी शिकतात त्या जागी, खाली ठळक अक्षरांत कशाचं आहे ते लिहून, मी विनामूल्य दिलं असतं. त्यांना हा फरक नाजूक वाटला. असेल. चिठ्ठीची अक्षरं मात्र मी आता मोठी करते, आणि तीत युगांडातली ती मुलं, बर्किट आणि अचोंग यांचा उल्लेख असतो. लोक वाचत नाहीत ते नाहीतच.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर मी नंतर वाचून काढलं, म्हणजे जेवढं मिळण्यासारखं आहे तेवढं. बर्किट लिम्फोमा भराभर वाढतो म्हणूनच औषधांना चांगला दादही देतो. अमेरिकेसारख्या देशात, जोरकस केमोथेरपी, रक्त, अँटिबायोटिक्स, स्वच्छ खाट हे सगळं मिळतं तिथे, दहांतली नऊ मुलं बरी होतात. ज्या भागात हा रोग सर्वांत जास्त होतो, त्या आफ्रिकेतल्या अनेक ठिकाणी निम्मीही वाचत नाहीत. कधी औषध संपतं, कधी आईबापांकडे दुसऱ्या खेपेला यायला गाडीभाडं नसतं. तेव्हा पोरगं वाचलं की नाही ते बरंचसं ते कुठे जन्मलं यावर ठरतं. स्लाइड दोघांचीही सारखीच दिसते.